दहावीनंतर थेट कंपनी की आधी आयटीआय?

परतूर तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकांनी विचारलंय: मुलगा 16 वर्षांचा, यंदा दहावी पास झाला. ओळखीचा ठेकेदार छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात वर्षभराची अप्रेंटिसशिप लावून देतो म्हणतोय, महिना 6,000. इकडे सरकारी आयटीआयमध्ये फिटरला नंबर लागतोय, दोन वर्षांचा खर्च एसटीसह 30,000. घरात 80,000 ची मुदत ठेव आहे. ती मोडायची की लेकराला कंपनीत पाठवायचं?

लेकराला आयटीआयला घाला. ठेवही मोडू नका.

तुम्ही वर्षाचे 72,000 धरले आहेत. पण वाळूजच्या बजाजनगरात खोलीचा वाटा 1,800, खानावळ 2,800, फोन आणि जाणं-येणं 900, हे आकडे तुमच्याच पत्रातले आहेत. म्हणजे 5,500 तिथंच गेले. हातात महिन्याला 500, वर्षाला 6,000. आयटीआयला वर्षाचा खर्च 15,000. तेव्हा पहिल्या वर्षाचा खरा फरक 21,000 चा आहे, आणि त्यासाठी मुलाची दोन वर्षं हुकवू नयेत. फिटरचा दोन वर्षांचा कोर्स झाला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. अप्रेंटिसशिप त्यानंतरही करता येते, आणि 2019 च्या नियमांत दहावी पासला किमान 6,000 तर आयटीआयवाल्याला 7,000 विद्यावेतन ठरलं होतं. उलट, वर्षभर एकाच लाइनवर एकच काम केलेला मुलगा 17 व्या वर्षी बाहेर पडतो तेव्हा त्याला कामावर ठेवायचं कायदेशीर बंधन कंपनीवर नसतं. परत आयटीआयला जाता येतं, पण हातात पैसा खेळू लागला की वर्गात बसवत नाही.

ठेकेदाराच्या शब्दावर तर मुळीच जाऊ नका. खरी अप्रेंटिसशिप म्हणजे कंपनी आणि उमेदवार यांच्यातला करार. तो सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलेला असतो, त्यावर ट्रेड (म्हणजे कोणतं काम शिकणार) आणि कालावधी लिहिलेला असतो, आणि मुलगा अल्पवयीन असल्यानं पालक म्हणून तुमची सही लागते. करार क्रमांक मागा. तो मिळत नसेल तर मुलगा अप्रेंटिस नाही, ठेकेदाराचा स्वस्त कामगार आहे: शेवटी परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. नोंदणीसाठी उमेदवाराला पैसे भरावे लागत नाहीत, म्हणून ‘डिपॉझिट’ मागितलं तर तिथंच थांबा. वयाचंही बघा. किमान वय 14 असलं तरी धोकादायक उद्योगांतल्या ट्रेडना 18 लागतं. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांवर, बोटं जातात, हे वाळूजला कुणालाही विचारा.

दोन वर्षांनी आयटीआय संपवून तो अप्रेंटिस लागेल तेव्हा एक गोष्ट आधीच करून ठेवा. केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के, कमाल 1,500 रुपयांचा वाटा सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात टाकतं. खातं आधारशी जोडलेलं नसेल किंवा नावात फरक असेल तर हे पैसे अडकतात. गुणपत्रिकेवर ‘ज्ञानेश्वर’ आणि आधारवर ‘द्यानेश्वर’ असं आपल्याकडे सर्रास असतं. ते आत्ताच दुरुस्त करून घ्या.

आता पैशाचं. तुमची अडचण रकमेची कमी आणि वेळेची जास्त आहे. प्रवेश येतो पेरणी-खताच्या दिवसांत, कापसाचा पैसा मात्र दिवाळीनंतर. ठेव एकाच पावतीवर असल्यानं 15,000 साठी सगळी मोडावी लागेल, शिवाय बऱ्याच बँका मुदतीआधी मोडल्यास व्याजदरात अर्धा ते एक टक्का कापतात. त्यापेक्षा त्याच ठेवीवर 15,000 कर्ज घ्या. साधारण साडेआठ टक्क्यांनी पाच महिन्यांचं व्याज 530 च्या आसपास होतं. कापूस विकला की आधी हे फेडा. बचतगट किंवा सावकाराकडे यासाठी जायची गरज नाही. आणि ठेवीची मुदत संपेल तेव्हा 20,000 च्या चार पावत्या करा, म्हणजे पुढच्या जूनला एकच मोडता येईल.