टेक्सासच्या नीलगायीला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: दक्षिण टेक्सासमधल्या किंग रँचवर, म्हणजे गुरं पाळण्याच्या तिथल्या एका अफाट जागेवर, मोकळ्या सोडलेल्या नीलगायींवरचा लेख मराठीत आणायचा आहे, तर 'विदेशी हरीण', 'निळा बैल' आणि 'रोही' यांतला कोणता शब्द घ्यावा?

सरळ 'नीलगाय' लिहा. इंग्रजीने हा शब्द हिंदीतून उचलला आणि टेक्सासचे शिकारीही तोच वापरतात. आपल्याच शब्दाला पर्याय कशाला शोधायचा?

'निळा बैल' मात्र नकोच. 'ब्लू बुल'मधला 'बुल' म्हणजे बैलच असं नाही, इंग्रजीत हत्तीच्या नरालाही 'बुल' म्हणतात. मराठीत बैल म्हटला की मानेवर जू आलं. 'नर नीलगाय' कानाला खटकतं खरं, पण आपण 'नर घार' म्हणतोच की. गंमत म्हणजे निळसर करडा असतो तो प्रौढ नरच. वीतभर शिंगंही त्यालाच. माद्या आणि पिल्लं तपकिरी, तरी नाव गायीचं!

'हरीण' चूक नाही. काळवीट आणि चितळ, दोघांनाही आपण हरीणच म्हणतो. लेख शास्त्रीय असेल तर 'कुरंग' वापरा: कुरंगांची शिंगं जन्मभर टिकतात, चितळ-सांबरांसारख्या सारंगांची गळून पुन्हा येतात. 'रोही' हा माझा फार आवडता शब्द, पण तो विदर्भाच्या मातीतला आहे. 'रोह्यांनी तूर खाल्ली' हे अकोल्याच्या शिवारात शोभतं. टेक्सासच्या वर्णनात तो आला की वाचक भलत्याच गावी पोहोचेल.

'विदेशी'ने तर अर्थच उलटा होतो. हे जनावर 1930च्या सुमारास शिकारीसाठी तिथे सोडलं गेलं, म्हणून तिथल्यांना ते परकं. मराठी वाचकाला ते घरचं. तेव्हा 'तिथे बाहेरून आणलेली नीलगाय' असं लिहा, शब्द वाढले तरी चालतील.

'रँच' तसाच ठेवा. 'कुरण' म्हणजे नुसती चराऊ जमीन, आणि सुमारे सव्वाआठ लाख एकरांच्या पसाऱ्याला 'मळा' म्हणवत नाही.

तिथल्या पशुपालकांची मोठी तक्रार अशी, की नीलगायी कुंपणं ओलांडून हिंडतात आणि गुरांना ताप आणणारे किडे अंगावरून नेतात. तिथे 'परजीवी कीटक' असलं काही लिहू नका. 'गोचीड' म्हणा, गुरं राखणाऱ्या कुणालाही पुढचं सांगावं लागणार नाही.