इंटरनेटवरच्या विचित्र चॅनलांविषयी व्हिडिओ निबंध करताना चेहरा दाखवावा की नुसता आवाज द्यावा? सॉफ्टवेअर कुठलं वापरावं? गूढ टिकवायचं असल्यामुळे उलगडा दाखवणार नाही.

आवाज द्या. सॉफ्टवेअर कुठलंही चालतं, त्यावर डोकं घालवू नका. मी अडलोय ते तुमच्या प्रश्नाच्या शेपटावर: 'गूढ टिकवायचं असल्यामुळे उलगडा दाखवणार नाही.' हे वाक्य मी आधी ऐकलंय. त्यापायी माझा एक भागीदार सुटला.

आम्ही दोघं मिळून असे निबंध करायचो. लेखन आणि आवाज माझा, एडिट त्याचं. एका रात्री भटकता भटकता मला एक चॅनल सापडलं. पन्नासेक व्हिडिओ, प्रत्येक दहा-बारा सेकंदांचा. प्रत्येकात एवढंच: रिकाम्या कॉरिडॉरमधलं एक दार बंद होतं. माणूस नाही, बोलणं नाही. नावं म्हणजे '१४ आधी', '१४ नंतर', '१५ आधी'. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

तीन आठवडे मी त्यात घातले. हेडफोन लावून एकेक दार ऐकलं. 'आधी'मध्ये ते शेवटी धाडकन आपटतं, 'नंतर'मध्ये हलकेच बसतं. तिथेच ट्यूब पेटायला हवी होती, पेटली नाही. शेवटी चॅनलवरच्या पत्त्यावर मेल टाकला. दोन ओळींत उत्तर आलं: गृहस्थ दारांना डोअर क्लोजर, म्हणजे दार आपोआप सावकाश बंद करणारं यंत्र, बसवतात, दारं आपटतात अशी तक्रार आली म्हणून स्क्रू फिरवण्याआधीचं आणि नंतरचं चित्रण ठेवलं. ते जगाला दिसतंय हे त्यांना माझ्या मेलमुळे कळलं.

हसू आवरेना. आणि निबंधाला शेवटही मिळाला. बहुतेक क्लोजरना दोन स्क्रू असतात: एक दार फिरण्याचा वेग ठरवतो, दुसरा फक्त शेवटच्या काही अंशांचा. ज्या क्षणासाठी मी श्वास रोखून बसायचो, तो या दुसऱ्या स्क्रूचा होता. त्यावर मी चार मिनिटं लिहिली. त्याहून बरं काही मी आजवर लिहिलेलं नाही.

भागीदाराने ती चार मिनिटं मला न विचारता कापली. दारं निम्म्या वेगाने चालवली, मूळ आवाज काढून खाली घुमणारा ट्रॅक टाकला, आणि माझ्या 'कोण असेल हा?' या वाक्यावर पडदा काळा. अठरा मिनिटांचा तो व्हिडिओ लोकांनी डोक्यावर घेतला. मग त्यातलेच काही जण त्या गृहस्थांच्या चॅनलवर पोचले: कुणाला कोंडलंय, पोलिसांना कळवू का. आठवड्याभरात चॅनल बंद. मला त्यांचा दुसरा मेल आला: 'तुम्हाला तर मी सांगितलं होतं ना?'

भागीदाराने माझ्या तोंडावर दिग्दर्शक फ्लाहर्टी फेकला. त्याच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) या माहितीपटात चित्रीकरणाला उजेड मिळावा म्हणून इग्लूची एक बाजू उघडी ठेवली होती. नायकाचं नावही नानूक नव्हतं, अल्लाकारियालाक होतं. माहितीपटाची सुरुवातच अशी, तर तू कोण मोठा सत्यवादी? तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतं: फ्लाहर्टीने भिंत उघडी ठेवली ती आतलं दिसावं म्हणून, तू कापलंस ते दिसू नये म्हणून.

उलगडा केला की भीती मरते म्हणे. साफ चूक. बॅकरूम्स म्हणजे न संपणाऱ्या रिकाम्या खोल्यांची इंटरनेटवरची भयकथा; तिचा तो पिवळ्या खोलीचा फोटो २०१९ मध्ये गाजला. २०२४ मध्ये लोकांनी माग काढला, तर तो विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या एका दुकानाचा निघाला, नूतनीकरण चालू असतानाचा. बघा आता तो फोटो. कमी झाली का धडधड? वेबड्रायव्हर टॉर्सो या यूट्यूब चॅनलवरचे ११ सेकंदांचे लाल-निळे चौकोनही यूट्यूबच्याच चाचणीचे निघाले. मला ते अजून रात्री बघवत नाहीत.

तर चेहऱ्याचं. दिग्दर्शक हर्झॉगच्या 'ग्रिझली मॅन' (२००५) या माहितीपटात अस्वलाच्या हल्ल्यात मेलेल्या ट्रेडवेलच्या शेवटच्या क्षणांची ध्वनिफीत आहे. हर्झॉग ती हेडफोनवर ऐकतो, आपल्याला ऐकवत नाही. तो आपल्याकडे जवळपास पाठ करून बसलाय, दिसतो तो समोर बसलेल्या, ट्रेडवेलच्या जुन्या मैत्रिणीचा चेहरा. निबंधातला 'मी' लागतो तो यासाठी: काय दाखवणार नाही, हे ठरवून ते उघडपणे सांगायला. तिथे पाठ पुरते.

अर्थात हर्झॉगला साक्षीला बोलावणं जरा जोखमीचं, तो स्वतः माहितीपटात रचलेल्या गोष्टी घालतो आणि तसं सांगतोही. आणि कधी उलगडा खरंच नसतो. १९८७ मध्ये शिकागोच्या दोन टीव्ही वाहिन्यांच्या प्रक्षेपणात मॅक्स हेडरूम या टीव्हीवरच्या पात्राचा मुखवटा घालून घुसलेला माणूस कधीच सापडला नाही. तिथे 'नाही सापडला' म्हणा आणि थांबा. माहीत असून लपवणं वेगळं.

हेही कबूल करतो की परवानगी मीसुद्धा मागितली नव्हती, नुसता खुलासा मागितला होता. अठरा मिनिटांची आवृत्ती अजून भागीदाराच्या चॅनलवर आहे. कापलेली चार मिनिटं माझ्या हार्ड डिस्कवर पडून आहेत. ती टाकता येत नाहीत, कारण त्या गृहस्थांनी आता दारं कुठेच दाखवू नका म्हणून सांगितलंय.