नव्या सायकलचे गिअर उडी मारतात? आधी पाव फेरा फिरवून बघा

हायब्रिड सायकल घेऊन तीन आठवडे झाले, गिअर मधेच उडी मारतात, डिस्क ब्रेक किंचाळतो आणि रविवारी कॉफीला जाताना मित्र पुढे निघून जातात, तर सायकलच सदोष आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. बहुधा नाही. नवी सायकल बसायला शे-दीडशे किलोमीटर घेते आणि तोवर कुरकुरते.

आधी गिअर. नव्या केबलचं बाहेरचं आवरण टोकाच्या टोप्यांमध्ये नीट दबलेलं नसतं. वापरात ते दबतं, केबल सैल पडते आणि शिफ्टरची (हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्याची) टिक वाजली तरी डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारी यंत्रणा, पुरता सरकत नाही. मागच्या चाकाच्या मोठ्या दातेरी चकतीवर चढताना चेन रेंगाळते, खरखरते, ती यामुळेच. केबल मागच्या डिरेलरमध्ये शिरते तिथे हाताने फिरणारं छोटं बॅरल असतं. सायकलच्या मागे उभं राहून ते घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा, मागचं चाक उचलून पेडल मारत गिअर बदलून बघा, लागलंच तर आणखी पाव. लहान चकतीवर उतरताना रेंगाळत असेल तर उलटीकडे. डिरेलरवरच्या एच आणि एल लिहिलेल्या स्क्रूंना हात लावू नका. चेन स्पोकमध्ये किंवा फ्रेमवर जाऊ नये एवढंच त्यांचं काम.

एक पूर्ण फेरा होऊनही फरक नाही? मग हँगर बघा. डिरेलर टांगलेला असतो ती मऊ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी म्हणजे हँगर. सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो, आणि फ्रेमऐवजी त्यानेच वाकावं म्हणून तर तो मऊ ठेवलेला असतो. चालवताना पडूनच वाकतो असं नाही. कॅफेबाहेर सहा सायकली एकमेकींवर रेललेल्या असतात, कोणीतरी मधली ओढतो आणि तुमची उजवीकडे आडवी! त्यामुळे डावी बाजू भिंतीकडे ठेवून, सीट आणि हँडल टेकवून लावा. आपल्या डिरेलरवर दुसऱ्याची सायकल रेलू देऊ नका, मैत्री कितीही असो. कुलूप फक्त पुढच्या चाकाला लावू नका. क्विक रिलीज (पान्याशिवाय चाक काढायचा खटका) असेल तर चाक जागेवर राहतं आणि बाकीची सायकल जाते. यू-लॉक मागच्या चाकातून आणि फ्रेममधून घेऊन खांबाला अडकवा.

ब्रेकचं किंचाळणं बहुतेक वेळा पॅड रोटरवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर) नीट न बसल्यामुळे असतं. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत सावकाश ब्रेक दाबत या, पूर्ण थांबू नका. असं १५-२० वेळा, पुढचा आणि मागचा वेगवेगळा. पावसात ओरडला तर दुर्लक्ष करा. चेनला स्प्रेचं तेल मात्र मारू नका. त्याचे तुषार रोटरवर बसतात, पॅड ते शोषतात आणि बरेचदा पॅडच बदलावे लागतात. थेंबाचं तेल घ्या, चेनच्या प्रत्येक रोलरवर एक थेंब, पाच मिनिटांनी फडक्याने पुसा.

मागे पडण्याचं कारण बहुधा सीट आणि हवा. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. सीटपोस्टवरच्या खुणेपेक्षा वर काढू नका. ३८ मिमीचा टायर आणि वजन ७० किलोच्या आसपास असेल तर पुढे ४५, मागे ५० पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा, टायरवर छापलेल्या मर्यादेत. ट्यूबमधून हवा आपोआप झिरपते, म्हणून दर आठवड्याला पंप.

डाव्या बाजूने टक-टक येत असेल तर पेडल तपासा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळतं. सैल पेडलवर चालवत राहिलात तर क्रँकचे (पेडल बसतं त्या दांड्याचे) आटे जातात आणि क्रँकच बदलावा लागतो.

आणि कॅफे यायच्या आधी, चाकं फिरत असतानाच हलका गिअर टाका. डिरेलरचा गिअर उभ्या सायकलवर बदलत नाही, मग कॉफी पिऊन निघताना सगळ्यांसमोर उभं राहून पेडल रेटावं लागतं.