कीबोर्ड, सतार, पेटी की ड्रम: स्कोप कशाला आहे?

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी 9 वर्षांची, चौथीत. जेवताना ताटावर, अभ्यासाला बसली की कंपासपेटीवर सारखा ठेका चालू असतो, म्हणून शाळेतल्या बाई म्हणाल्या हिला काहीतरी वाद्य शिकवा. आता घरात चार मतं. बाबांना कीबोर्ड घ्यायचाय कारण "पुढे त्यालाच स्कोप आहे", ताईंना सतार आवडते आणि मिरज शेजारीच, आजी म्हणतात माळ्यावर माझी पेटी पडलीय ती काढा पण मुलीच्या जातीला तबला नको, आणि मुलीला विचारलं तर म्हणते ड्रम. बजेट 10 हजार, राहायला फ्लॅट. प्रश्न असा की कुठलं वाद्य घेतलं तर पुढे करिअरला उपयोग होईल.

ताई, आधी स्कोपचं बोलून टाकते, नाहीतर बाबा पुढचं वाचणारच नाहीत. वाद्यावर घर चालवणारी जी माणसं असतात ना, त्यातली बहुतेक एकाच कामावर नसतात, कुणी सकाळी शाळेत संगीत शिक्षक, संध्याकाळी घरी क्लास, शनिवार-रविवारी गायकाच्या साथीला, गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रा असं सगळं मिळून जमवतात. त्यात मागणी म्हणाल तर साथीच्या वाद्याला कायम आहे, म्हणजे तबला आणि पेटी, कारण गाण्याचा क्लास असो, कीर्तन असो, भजनी मंडळ असो की नाट्यगीतांची स्पर्धा, या दोघांशिवाय पान हलत नाही. कीबोर्डवाल्याला ऑर्केस्ट्रा आणि रेकॉर्डिंगची कामं मिळतात, आणि कॉम्प्युटरवर म्युझिक करायचं असेल तर कीबोर्डवर हात बसलेला असणं फार उपयोगी, तिथे बाबांचं बरोबर आहे. सतार मुख्यतः एकट्याने वाजवायचं वाद्य, तिथे नाव व्हायला वेळ लागतो आणि मधल्या काळात शिकवण्या कराव्या लागतात. झालं, स्कोप एवढाच.

पण हा हिशोब चौथीतल्या पोरीसाठी आज करून काही उपयोग नाही हो. आज बघायचं ते इतकंच की दोन वर्षांनी ती त्या वाद्यापाशी आपणहून बसते का, आणि ते ठरतं घरापासून मास्तर किती लांब आहेत, तिच्या हाताला ते वाद्य पेलतं का, आणि घरात ते रोज वाजू शकतं का यावर. पाचवीनंतर शाळा वाढते, ट्यूशन लागतात, त्यात रिक्षाने अर्धा तास जावं लागणारा क्लास पहिला सुटतो, मग तो कितीही नावाजलेला असू दे. माझं तर स्पष्ट मत आहे की चालत जाता येईल अशा अंतरावर जे बरे मास्तर आहेत ते जे शिकवतात ते वाद्य निम्मं ठरलेलंच समजा.

आता ठेक्याचं. ताटावर ठेका धरते म्हणून तबलाच, असं लगेच समजू नका, या वयात बरीच पोरं काही ना काही बडवत असतात. त्यापेक्षा गाणं लागलं की ती काय करते ते चार दिवस गुपचूप बघा. चाल गुणगुणते का, सूर चुकला तर स्वतःच परत घेते का, की चाल सोडून मधल्या म्युझिकचा ठेका पकडते आणि तो गाणं संपेपर्यंत तसाच धरून ठेवते? पहिलं असेल तर पेटी किंवा व्हायोलिन-बासरीकडे कल आहे, दुसरं असेल तर तबला. लय पळत असेल, म्हणजे ठेका आपोआप जलद होत असेल, तर काळजी नको, ते शिकवता येतं.

तुमची सतार. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन, म्हणजे ही वस्तू या गावची खास अशी सरकारी नोंद, मिळालं, पंढरपूर भागातले भोपळे आणून तिथे वाद्यं बनतात, आपल्या भागाचं वैभवच आहे ते, त्यामुळे तुमचा जीव तिथे अडकतो हे समजतं. पण पूर्ण मापाची सतार 9 वर्षांच्या मुलीला झेपणार नाही. मांडी घालून, भोपळा डाव्या पावलावर टेकवून दांडी तिरकी धरायची, उजव्या हाताच्या तर्जनीत तार छेडायची नखी, आणि डाव्या हाताची बोटं तारेवर दाबून दाबून सुरुवातीला चांगली दुखतात, खाचा पडतात. लहान मापाची करून मिळते पण दोन-तीन वर्षांत बदलावी लागेल. म्हणून सतार सातवी-आठवीपर्यंत थांबू शकते, तोवर कान तयार झाला तर सतार सोपीच जाईल. तोपर्यंत एखाद्या सुट्टीत मिरजेला नेऊन सतार बनते कशी ते मात्र दाखवून आणा, त्याला पैसे पडत नाहीत.

कीबोर्डबद्दल बाबांना एकच सांगायचंय, खेळण्यातला आणू नका. 61 पट्ट्यांचा, जोरात दाबलं की मोठा आणि हळू दाबलं की बारीक आवाज येणारा घ्या, दुकानात टच सेन्सिटिव्ह म्हणून विचारा. आणि पहिलं वर्षभर ते ऑटो रिदमचं बटण बंद! एका बोटाने पट्टी दाबली की मागे अख्खा बँड वाजतो, पाहुणे टाळ्या वाजवतात, आणि पोरीला वाटतं आपल्याला येतंय. हेडफोन लावून वाजवता येतो हा फ्लॅटमध्ये मोठा फायदा आहे हे मात्र मान्य. पण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, साध्या कीबोर्डवर नीट येत नाही. तशी ती पेटीवरही येत नाही म्हणा, आकाशवाणीने तर 1940 पासून 1971 पर्यंत पेटीवर बंदीच घातली होती, तरी बैठकीतून पेटी काही हलली नाही.

पेटी घरातच आहे आणि तिला मागणीही कायम आहे, म्हणून माझं उत्तर आजींच्या बाजूने आहे. पेटी माळ्यावरून काढा. झाकण उघडून झुरळं, उंदरांनी कुरतडलेलं काही आहे का बघा, धूळ मऊ ब्रशने काढा, ओलं फडकं आत अजिबात नको, आतल्या रीडला, म्हणजे सूर देणाऱ्या धातूच्या पातळ पात्यांना, गंज धरतो. मग स्टॉप, म्हणजे समोरच्या ओढायच्या खुंट्या, उघडून एकही पट्टी न दाबता भाता मारत रहा. आत हवा भरली की भाता जड लागायला पाहिजे, कितीही मारला तरी हलकाच लागत असेल तर कुठेतरी हवा गळतेय. पट्टी न दाबताच एखादा सूर वाजत राहिला तर ती पट्टी नीट बसत नाहीये. शेवटी एकेक पट्टी दाबून कुठली मुकी आहे ते कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जा, मिरजेत वाद्यांची दुकानं आहेतच. सूर लावून घेतल्यावरही तुमच्या 10 हजारांतले बरेच उरायला हवेत.

सहा महिने पेटी शिकू दे, रोज फक्त 15-20 मिनिटं. त्यातच महिन्यातून एखाद्या वेळी तबल्याच्या क्लासला नुसती बसवा. मन तिकडेच ओढलं तर खुशाल तबला घ्या, लहान हातांसाठी लहान तोंडाचा, वरच्या पट्टीचा तबला मिळतो, डग्गाही (डाव्या हाताचा मोठा) हलका बघा, आणि पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, पावसाळ्यात उतरते तेव्हा बाजूचे लाकडी गट्टे ठोकायचं काम मास्तरांकडूनच करून घ्या, घरी हातोडी चालवू नका. आजींना सांगा की डॉ. आबान मिस्त्री आणि अनुराधा पाल या बायकांनीच तबल्यात नाव केलंय. ड्रमचं म्हणाल तर फ्लॅटमध्ये शेजारी राहू देणार नाहीत, आणि तबल्यावर लय पक्की झाली की ड्रम नंतरही शिकता येतो, हे तिला तसंच सांगा, नुसतं नाही म्हणू नका.

क्लास लावताना मास्तरांना विचारा की एका तासात मुलीचा हात प्रत्यक्ष वाद्यावर किती वेळ असतो. पंधरा मुलं आणि दोन पेट्या असतील तर पुढचा क्लास बघा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्यायच्या असतील तर प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण अशी चढण आहे, वर्षाला एक धरली आणि एखादं वर्ष सुटलं तरी नववीपर्यंत मध्यमा पूर्ण होते. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, पण किती परीक्षांना किती गुण हे नियम बदलत असतात, त्यामुळे शाळेच्या ऑफिसमध्ये विचारून घ्या. आणखी एक, केंद्र सरकारच्या सीसीआरटी या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती 10 ते 14 वयोगटातल्या मुलांना असते, ती पुढच्या वर्षी बसेल त्यात, पण अर्ज करायच्या आधी थोडं तरी शिकलेलं पाहिजे. नुसत्या परीक्षेपुरते चार राग घोटून घेणारे क्लास असतात, तिथे पोरगी मध्यमाच्याही पुढची विशारद होते आणि साधं भजन वाजव म्हटलं की वही शोधते.

खरंच करिअर करायचं का हा प्रश्न दहावीनंतर काढा. पुढे शिकायला पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ तर जवळच. तेव्हा परत पत्र लिहा, आणि बाबांना सांगा, कीबोर्डचे पैसे तोवर बाजूला ठेवा.