पन्नाशीनंतर संगीत शिकून काय मिळतं, आणि लोकांसमोर सादर करायलाच हवं का?

तुम्ही विचारलंय की वय ५२ आहे, आजवर संगीत कधी शिकला नाहीत, आता गाणं किंवा पेटी शिकावीशी वाटतेय. या वयात त्याचा काही फायदा होतो का, की ते लहानपणीच करायचं काम? आणि शिकलोच तर घरातल्या घरात गायलं-वाजवलं तर चालेल ना, लोकांसमोर कशाला जायचं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. लोकांसमोर जा. मोठ्या मंचाची गरज नाही, तीन-चार माणसं पुरेत, पण जा. मी बरीच वर्षं गाणं आणि पेटी शिकवतेय, शाळकरी मुलांना आणि निवृत्त झालेल्यांनाही. मोठेपणी शिकायला येणारे बहुतेक वेळा गळ्यापाशी किंवा बोटांपाशी अडत नाहीत, इथे अडतात.

घरी एकटे रियाजाला बसलो की चूक झाली त्या क्षणी आपण थांबतो, मागे जातो, पुन्हा सुरू करतो. रियाज तसाच करायचा असतो. पण महिनोन् महिने फक्त तेवढंच केलं, तर बंदिशीबरोबर (रागात बांधलेल्या रचनेबरोबर) थांबण्याचीही सवय लागते. माझ्याकडे एक बाई शिकतात, साठीच्या आसपासच्या. तीनतालातली (सोळा मात्रांच्या, म्हणजे ठोक्यांच्या, तालातली) एक छोटी बंदिश त्यांची पाठ होती. अंतऱ्याच्या (बंदिशीच्या दुसऱ्या भागाच्या) दुसऱ्या ओळीत तार षड्जावरून, म्हणजे वरच्या ‘सा’वरून, उतरताना निषाद (‘नी’) जरासा घसरायचा, की त्या थांबायच्या आणि पुन्हा स्थायीपासून (पहिल्या भागापासून) सुरू करायच्या. परिणाम असा की स्थायी घोटून घोटून पक्की झाली आणि ती एक ओळ कच्ची राहिली.

मग आम्ही ठरवलं, आठवड्यातून एकदा वर्गातल्या इतर दोघा-तिघांसमोर गायचं, ठेका (तबल्यावरचा ताल) चालू ठेवायचा आणि काहीही झालं तरी थांबायचं नाही. पहिल्या वेळी निषाद घसरलाच. शब्द सुटले. तबला पुढे चाललेला. त्या क्षणभर गप्प राहिल्या, हाताने मात्रा मोजत होत्या, आणि नवव्या मात्रेला स्थायीचा मुखडा (सुरुवातीचे शब्द) उचलून नेमक्या समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आल्या. रस्ता चुकल्यावर सोळा मात्रांच्या आत परत वाट धरणं त्यांना त्या दिवशी जमलं. ऐकायला कोणी समोर असल्याशिवाय हे शिकताच येत नाही, कारण एकटं असताना थांबायची मुभा असते आणि आपण ती घेतोच.

त्यानंतर त्यांचा घरचा रियाजही बदलला. आता त्या बंदीश कुठूनही सुरू करू शकतात: अंतऱ्यापासून, दुसऱ्या ओळीपासून, मधल्या एखाद्या शब्दापासून. पाठांतर खरं पक्कं झालं की नाही हे ओळखायची मला माहीत असलेली ही सर्वात चांगली कसोटी आहे. लोकांसमोर जायचं ठरलं की माणूस आपोआप तसा अभ्यास करू लागतो.

आता वयाबद्दल. लहानपणी सुरुवात करणाऱ्यांना काही गोष्टी मिळतात, त्या पन्नाशीत मिळत नाहीत, आणि हे स्पष्ट सांगितलेलं बरं. १९९५ साली संशोधकांनी तंतुवाद्य वाजवणाऱ्यांचे मेंदू तपासले, तेव्हा डाव्या हाताच्या बोटांसाठी मेंदूत राखलेला भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. जितक्या लहानपणी सुरुवात, तितका फरक जास्त. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात सात वर्षांच्या आत वाद्य शिकू लागलेल्यांमध्ये मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्याचा पुढचा भाग जास्त जाड दिसला. आणि कुठलाही सूर नुसता ऐकून, जोडीला दुसरा सूर नसताना, तो नेमका कोणता हे सांगण्याची क्षमता ज्यांच्यात असते, त्यातले बहुतेक अगदी लहान वयात शिकू लागलेले असतात.

पण यातलं तुम्हाला लागणार काय आहे? आपल्या संगीतात षड्ज, म्हणजे पायाचा ‘सा’, ज्याचा त्याने ठरवायचा असतो. षड्ज एकदा कानात बसला की बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ओळखायचे, आणि हे नातं ओळखणं कुठल्याही वयात शिकता येतं. सुरुवातीला वेळ लागतो एवढंच. माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांना शुद्ध आणि कोमल (किंचित खालच्या) गंधारातला, म्हणजे ‘ग’मधला, फरक पहिल्या दिवशी क्वचितच सांगता येतो. रोज थोडा थोडा कान लावला की काही आठवड्यांत तो इतका ठळक वाटू लागतो की आधी कसा कळत नव्हता याचंच त्यांना नवल वाटतं.

मोठेपणी काही गोष्टी उलट जास्त असतात. तुम्हाला कोणी जबरदस्तीने पाठवलेलं नसतं. काय आवडतं हे माहीत असतं. आयुष्यभर ऐकलेलं संगीत कानात साठलेलं असतं, फक्त ते गळ्यातून किंवा हातातून काढलेलं नसतं. आणि लय म्हणजे काय हे समजावून सांगितलं तर कळतं. मुलांना ते फक्त करूनच कळतं.

लाज हा मात्र खरा अडथळा आहे, आणि तो जुनाच आहे. सॉक्रेटिस म्हातारपणी कोनस नावाच्या शिक्षकाकडे लायर हे तंतुवाद्य शिकायला जायचा, असं प्लेटोने लिहून ठेवलंय. बरोबरची मुलं त्याला हसायची आणि शिक्षकाला ‘म्हाताऱ्यांचा मास्तर’ म्हणायची. तरी तो जात राहिला. पुढच्या बाकावर नऊ वर्षांची मुलगी तुमच्यापेक्षा भराभर पलटे (स्वरांच्या सरावाचे प्रकार) म्हणत असेल, तेव्हा हे आठवा.

फायद्यांबद्दल खूप काही लिहिलं जातं, आणि त्यातलं बरंचसं फुगवलेलं असतं. मला संगीताबद्दल मनापासून वाटतं, म्हणूनच त्याच्या नावावर खोटी आश्वासनं खपवली जातात तेव्हा वाईट वाटतं. मोत्सार्ट ऐकून बुद्धी वाढते ही समजूत १९९३ च्या एका छोट्या प्रयोगातून आली. तो ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला होता, आणि आकृत्यांच्या एका विशिष्ट चाचणीत दिसलेला फरक दहा-पंधरा मिनिटंच टिकला होता. लहान बाळांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. टोरांटोजवळच्या एका मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये सहा वर्षांच्या १४४ मुलांवर जास्त काळजीपूर्वक प्रयोग केला. काहींना कीबोर्ड, काहींना गाणं, काहींना नाटक शिकवलं आणि काहींना काहीच नाही. वर्षभरात संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ७ गुणांनी वाढला, बाकीच्यांचा ४.३. फरक आहे, पण लहान आहे. पुढे २०२० मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा नेटक्या रचनेच्या प्रयोगांत हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणून गणितात मार्क वाढावेत म्हणून मुलाला पेटीला घालू नका, हे मी पालकांना सरळ सांगते. गणितासाठी गणित करावं.

उतारवयाचं चित्र मला जास्त आशादायक वाटतं. न्यूयॉर्कमध्ये पंच्याहत्तरीपुढच्या ४६९ लोकांचा काही वर्षं पाठपुरावा केला गेला आणि तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ, नाच आणि वाद्य वाजवणं यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी आढळलं. इथे एक खाच आहे: ज्यांची स्मृती आधीपासून खालावत असते ते अशा गोष्टी आपणहून सोडतातही, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे अशा अभ्यासातून पूर्ण सुटत नाही. पण २००७ च्या एका प्रयोगात ६० ते ८५ वयाच्या नवशिक्यांना सहा महिने पियानो शिकवला गेला, आणि लक्ष पटकन एकीकडून दुसरीकडे वळवण्याच्या चाचण्यांत ते न शिकलेल्यांपेक्षा पुढे गेले. पाहायला गेलं तर यात आश्चर्य नाही. पेटी वाजवताना उजवा हात स्वर शोधतो, डावा भाता सांभाळतो, कान ठेक्याकडे असतो आणि मन पुढच्या ओळीवर. इतकी कामं एकाच वेळी मागणाऱ्या गोष्टी उतारवयात रोजच्या जगण्यात फारशा उरत नाहीत.

ऐकण्याचा फायदा मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. वय वाढलं की गोंगाटात समोरच्याचं बोलणं वेगळं काढणं जड जातं. कॅनडात ऐकू कमी येऊ लागलेल्या ज्येष्ठांना दहा आठवडे समूहगायनात गायला लावलं, तेव्हा गोंगाटातलं बोलणं समजण्याची त्यांची क्षमता सुधारल्याचं २०१९ मध्ये दिसलं. समूहात गाताना आपला सूर शेजाऱ्याच्या सुरात मिसळतोय की वेगळा पडतोय, हे सतत तपासावं लागतं, आणि कानाचा तोच व्यायाम होतो.

सोबत गाण्याने माणसं जवळही लवकर येतात. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या वर्गांची तुलना केली गेली: काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही सर्जनशील लेखनाचे. सात महिन्यांनंतर सगळ्याच वर्गांत आपुलकी निर्माण झाली होती, पण गाण्याच्या वर्गांत ती कितीतरी आधी आली. हे माझ्या वर्गातही दिसतं. एकमेकांची नावं नीट माहीत नसतात, पण कोणाचा पंचम (‘प’) चांगला लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. पन्नाशीनंतर नवी मैत्री होणं अवघड असतं, आणि तुम्ही एकटे घरी वाजवत बसलात तर हा सगळा भाग हातचा जातो.

आता कामाचं. गाणं की पेटी, असं विचाराल तर मी गाण्यापासून सुरुवात करा म्हणेन, तानपुऱ्यासोबत. मोबाईलवरचा तानपुराही चालतो. पेटीवर स्वर तयार मिळतो, म्हणून बोटं पुढे जातात आणि कान मागे राहतो. गळ्याने तो स्वर शोधावा लागतो. एकदा सा, ग, प गळ्यात स्थिरावले की पेटी हातात घ्या, खूप सोपी जाईल. पट्टीचा (‘सा’ किती उंचीवर धरायचा याचा) हट्ट धरू नका. पुरुषांचे गळे बहुधा पेटीवरच्या काळी एक-काळी दोन या पट्ट्यांच्या आसपास असतात, पण तुमचा खालचा पंचम आणि वरचा षड्ज दोन्ही न ताणता लागतील ती तुमची पट्टी. रोज वीस-पंचवीस मिनिटं, आणि सुट्टीच्या दिवशी तीन तास बसून भरपाई करायची नाही. या वयात स्नायू आणि स्वरयंत्र दोन्हीला त्याचा त्रास होतो. घसा दुखला किंवा मनगट भरून आलं तर त्या दिवशी थांबा.

पहिल्यांदा कोणासमोर गायचं तेव्हा नवं काही निवडू नका. जे निदान दोन-तीन महिने तोंडात बसलंय तेच घ्या, पाच मिनिटांचं, आणि लय घरच्यापेक्षा थोडी कमी ठेवा, कारण भीतीने ती आपोआप वाढते. छातीत धडधडेल, तोंड कोरडं पडेल, हात थरथरतील. मोठमोठ्या कलाकारांनाही होतं ते. सुरू करण्याआधी दोन-तीन श्वास सावकाश सोडा आणि पहिला षड्ज पूर्ण लांबीचा लावा, त्यात आवाज स्थिर होतो. मध्ये चुकलात तर माफी मागू नका, ठेका धरून पुढे या. आणि झालं की त्याच दिवशी पुढची वेळ ठरवून टाका. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत फार अंतर पडलं की भीती पुन्हा पहिल्याइतकीच होते, आणि बहुतेक माणसं संगीत सोडतात ती याच अंतरात.