गाडीतल्या घराची थंडी: वाचकांचे प्रश्न

या अंकातल्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत रबाळे एमआयडीसीत रीफर गाड्यांच्या, म्हणजे शीतवाहनांच्या बॉडी बांधणारे एक कारखानदार.

प्रश्न: आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो. यजमानांनी निवृत्तीनंतर एक जुनी डिझेल ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात पलंग, छोटा ओटा, बसायची जागा असं करून घेतलं. आरटीओत बदलाची नोंदही केली. डिसेंबरात निफाडजवळ एक रात्र गाडीत काढली, तर पहाटे तीनला आम्ही दोघं उठून बसलो, इतकं गारठलो. आता जानेवारीत मनालीला जायचं ठरतंय, जमलं तर अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूपर्यंत. सोबत शहात्तर वर्षांच्या सासूबाई आहेत. कोणी म्हणतं मोठा हीटर बसवा, कोणी म्हणतं जाड रजया न्या. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: ताई, निफाडकडे पारा अधूनमधून ५ अंशांच्या खाली जातो आणि तुमची गाडी म्हणजे आतून प्लाय लावलेला पत्रा. गारठणारच. मी बांधतो त्या गाड्या तुर्भ्याच्या बाजारातून आणि बंदरावरून माल उचलतात. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत उणे १८ अंश. मला बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नसते, तुम्हाला आतली बाहेर जाऊ द्यायची नाही. दोघांना भिंत एकाच प्रकारची लागते, म्हणून सुरुवात भिंतीपासून करा. हीटर त्यानंतर.

पहिल्यांदा काचा. ट्रॅव्हलर ही मुळात प्रवासी गाडी, दोन्ही बाजूंना खिडक्याच खिडक्या. आत २० अंश आणि बाहेर उणे ५ धरलं, तर ४ चौरस मीटर एकेरी काचेतून साधारण ५५० ते ६०० वॉट उष्णता बाहेर जाते. भिंती, छत आणि फरशी मिळून ३० चौरस मीटर धरा आणि त्यांना इंचभर पफ, म्हणजे उष्णता अडवणारा कडक पॉलियुरेथेन फोम लावलेला असेल, तर तिथूनही जवळपास तेवढीच जाते. म्हणजे गाडीच्या जेमतेम आठव्या भागातून निम्मी ऊब पळते. सरकत्या काचांच्या फटींतून जाणारी हवा यात धरलेलीच नाही. तुम्हाला बघायला दोन-तीन खिडक्या पुरतात. बाकीच्या आतून कायमच्या बंद करून घ्या. ज्या ठेवाल त्यांच्यासाठी काचेच्या मापाचे फोमचे तुकडे कापा, कडा अर्धा इंच मोठ्या ठेवा म्हणजे ते दाबून बसतात आणि रात्री पडत नाहीत. ड्रायव्हरची केबिन जाड कापडी पडद्यानं तोडा. पुढची मोठी काच ही गाडीतली सर्वांत थंड भिंत असते.

दुसरं म्हणजे पत्र्याच्या आतले चॅनल, त्याला आधार देणाऱ्या पोलादी पट्ट्या. प्लायवाले दोन चॅनलमधल्या पोकळीत थर्माकोल भरतात आणि चॅनलवर थेट स्क्रू मारून प्लाय बसवतात. पोलादातून उष्णता पफपेक्षा सुमारे दोन हजार पट सहज वाहते, त्यामुळे भरलेल्या थर्माकोलला वळसा घालून ती चॅनलमधून बाहेर जाते. प्लाय काढून घ्या. पोकळीत पफ किंवा एसीच्या डक्टवर लावतात ते काळं नायट्राइल रबर चिकटवा आणि चॅनलच्या तोंडावरही त्याच रबराची पट्टी लावून मगच प्लाय परत मारा. ग्लासवूल नको. श्वासातली वाफ त्यात शिरते, पत्र्याला लागून तिचं पाणी होतं आणि ते आतच राहतं. जुन्या रीफर गाड्या दुरुस्तीला येतात तेव्हा भिंतीतलं पाणी काट्यावर दिसतं, रिकाम्या गाडीचं वजन वाढलेलं असतं. आपल्या खाडीच्या दमट हवेत अशा भिंतीमागचा पत्रा पावसाळ्यात सडतो. प्लाय निघालाच आहे तर गंज खरवडून प्रायमरचा हात मारून घ्या.

फरशीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. व्हिनाइलखाली अर्धा इंच तरी कडक फोम आणि वर जाड सतरंजी हवी, नाहीतर सासूबाईंचे पाय रात्रभर गरम होणार नाहीत.

आता हीटर. भिंती नीट झाल्या की २ किलोवॉटचा डिझेल एअर हीटर तुमच्या गाडीला पुरतो. तो जळायला लागणारी हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, आत येते ती फक्त तापलेली हवा. रात्रभरात साधारण एक ते दोन लिटर डिझेल लागतं आणि चालू झाल्यावर बॅटरीवर ताणही कमी येतो. १०० अ‍ॅम्पियर-तासांच्या १२ व्होल्ट बॅटरीत १,२०० वॉट-तास असतात. इन्व्हर्टरवर १,००० वॉटचा विजेचा हीटर लावलात तर तासाभरात ती संपली. डिझेल हीटरला एका रात्रीला दोनशेच्या आसपास वॉट-तास पुरतात.

विकत घेताना उंचीची सोय आहे का ते विचारा. सिस्सू ३,००० मीटरच्या वर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो. हीटर नेहमीइतकंच डिझेल ओढत राहिला तर ते नीट जळत नाही, काजळी धरते आणि दोन दिवसांत तो पेटेनासा होतो. उंचीप्रमाणे इंधन कमी करणारं मॉडेलच घ्या. धुराचा पाइप दरवाजाखाली किंवा उघड्या खिडकीखाली नको. रात्री बर्फ पडला तर झोपण्याआधी आणि मध्येही एकदा उठून त्याचं तोंड मोकळं करा.

डिझेल इथून टाकी भरून वरपर्यंत नेऊ नका. मैदानी डिझेलमधलं मेण थंडीत गोठतं आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. डोंगरात पंपावर विचारून थंडीतलंच डिझेल भरा. बॅटरी लिथियमची असेल तर ती गाडीच्या आत ठेवा, शून्याखाली चार्ज केली की कायमची बिघडते. पाण्याचे पाइप रात्री रिकामे करा.

सासूबाईंसाठी गादीच्या वरून जितकं पांघरूण, तितकंच खाली हवं. फोमची गादी अंगाखाली दबते आणि पाठीकडून थंडी लागते. तिच्यावर घडी घातलेली घोंगडी अंथरा, मग चादर, वरून गोधडी. लोकर जरा दमट झाली तरी ऊब सोडत नाही, म्हणून सिंथेटिक ब्लँकेटपेक्षा घोंगडी बरी. डोक्याला कानटोपी. गरम पाण्याची पिशवी अंथरुणात झोपण्याआधी अर्धा तास ठेवा, उकळतं पाणी भरू नका आणि टॉवेलात गुंडाळा. मधुमेह असेल तर पायाला चटका बसलेला कळत नाही, त्यांच्या बाबतीत पिशवी झोपताना काढूनच घ्या. आणि एक विनंती. मनालीत दोन रात्री गाडीत नीट गेल्या तरच पुढे सिस्सूला मुक्काम करा. नाही गेल्या तर सिस्सू दिवसा बघून संध्याकाळी खाली या.

प्रश्न: आम्ही चार मित्र फेब्रुवारीत भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन स्पितीला चाललोय. गाडीत हीटर नाही. झोपण्याआधी तासभर गॅसची शेगडी किंवा कोळशाची सिगडी पेटवून, खिडकी बोटभर उघडी ठेवली तर चालेल ना? (एक वाचक, खारघर)

उत्तर: नाही. तासभरही नाही, खिडकी उघडी ठेवूनही नाही. विझत आलेला कोळसा तर सर्वांत वाईट, कारण तेव्हा धूर दिसत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. २०२० च्या जानेवारीत नेपाळमध्ये दामनला केरळहून गेलेले आठ पर्यटक, त्यात चार लहान मुलं, रिसॉर्टच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि गेले. ती खोली तुमच्या गाडीपेक्षा मोठी होती.

तुमच्या मार्गावर आणखी एक धोका आहे. या विषबाधेची सुरुवात डोकेदुखी, मळमळ, चक्कर अशी होते, आणि काझासारख्या साडेतीन हजार मीटरवरच्या गावात उंचीमुळेही नेमकं हेच होतं. तुम्ही 'हवा विरळ आहे, सकाळी बरं वाटेल' म्हणून पडून राहाल. गाडीत दोघांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर आधी सगळे बाहेर पडा, दारं उघडा, विचार मग करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, तो उशीच्या उंचीला लावा. धुराचा किंवा स्वयंपाकाच्या गॅसचा अलार्म त्याच्या जागी चालत नाही. रात्री इंजिन चालू ठेवून एसीची गरम हवा घेणंही नको, सायलेन्सर बर्फात बुजला की धूर आत येतो.

मी तुमच्या जागी असतो तर फेब्रुवारीत स्पितीमध्ये गाडी प्रवासाला वापरली असती आणि रात्री गावात होमस्टेला झोपलो असतो. तिथे धुराडं असलेला तंदूर, म्हणजे खोली तापवायची लोखंडी बंद शेगडी, खोलीच्या मध्यावर असतो आणि घराच्या भिंती जाड मातीच्या. गाडीतच झोपायचा हट्ट असेल तर ज्यांच्या अंगणात गाडी लावाल त्यांच्याकडून पैसे देऊन १५ अ‍ॅम्पियरची लाइन घ्या, तेलाचा रेडिएटर हीटर लावा आणि वायर जाड घ्या, गुंडाळी पूर्ण उलगडून. वीज जाऊ शकते हे धरून स्लीपिंग बॅग उणे २० अंशांच्या सोयीची न्या.

प्रश्न: महाबळेश्वरला गाडीत झोपलो तर सकाळी गादी खालून ओली आणि छतावरून थेंब. छत गळतंय का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर: दादा, पाऊस नसेल तर छत ठीक आहे. दोन माणसं रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी श्वासातून आणि अंगातून सोडतात. त्यात आत चहा, मॅगी केलंत तर भर पडते, एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. ती थंड पत्र्यावर आणि गादीखालच्या प्लायवर जमते. छताचा व्हेंट रात्रभर दोन बोटं उघडा ठेवा, थोडी ऊब गेली तरी चालेल. स्वयंपाक बाहेर करा, ओले कपडे केबिनमध्ये टांगू नका. पलंगाच्या प्लायला सगळीकडे दोन इंची भोकं पाडा, नाहीतर प्लाय काढून लाकडी पट्ट्या ठोका, आणि सकाळी गादी उभी करून उन्हाकडे तोंड करून ठेवा. ऐरोलीला परत आल्यावर गादीखालचा पत्रा टॉर्च मारून बघा. तांबूस डाग दिसले तर पावसाळ्याआधी काम काढा.