इन्स्टॉल स्क्रिप्ट लिहितोयस, तर हे बघ

तुझी स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्रामच्या फाइली जागेवर बसवणाऱ्या कमांडची यादी, वाचली. तुझ्या उबुंटूवर (लिनक्सवर) चालते, ठीक. पण खानापूरच्या शाळेतल्या जुन्या संगणकावर आणि उद्यमबागेतल्या ऑफिसातल्या मॅकवरही चालायला हवी ना? मग आधी पहिल्या ओळीतलं 'बॅश' हे शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) काढ, साधं 'एसएच' धर. अ‍ॅरे, दुहेरी चौकोनी कंस असल्या बॅशच्या जादा सोयी सोडून दे, साध्या 'एसएच'मध्ये त्या असतीलच असं नाही. उबुंटूत 2006 पासून 'एसएच' म्हणजे डॅश, या जादा सोयी नसलेलं शेल, त्यामुळं चाचणी तुझ्याच मशीनवर आयती होईल.

मुख्य गोची फाइल जागेवर ठेवणाऱ्या 'इन्स्टॉल' कमांडची. ती पॉसिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या सामाईक नियमांत) नाहीच. लिनक्सवर सहसा असणाऱ्या जीएनयूच्या 'इन्स्टॉल'ला 'वजा कॅपिटल डी' दिलं की मधले फोल्डर आपोआप होतात. मॅकवर तसं होत नाही. त्यापेक्षा 'एमकेडीर वजा पी'नं फोल्डर कर, 'सीपी'नं त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावानं फाइल टाक, 'सीएचमोड'नं परवानगी दे (प्रोग्रामला 755, म्हणजे सगळ्यांना वाचता-चालवता येईल; साध्या फाइलला 644, म्हणजे सगळ्यांना नुसतं वाचता येईल) आणि मगच 'एमव्ही'नं खरं नाव दे. एक पायरी जमली तरच पुढची. मध्येच डिस्क भरली तरी जुनी फाइल शाबूत राहते. 'यूमास्क' (नव्या फाइल-फोल्डरची कुठली परवानगी कापायची तो आकडा) सुरुवातीलाच 022 कर. नाहीतर कुणाकडं 077 असला की फोल्डर रूटलाच (मशीनच्या मुख्य खात्यालाच) दिसणार, बाकी सगळे बाहेर!

आणि अवतरणचिन्हं. आपल्याकडं लोक फोल्डरला 'निपाणी शाखा' असलं नाव बिनधास्त देतात. हे नाव ज्यात ठेवलंय ते व्हेरिएबल दुहेरी अवतरणात नसेल तर शेल 'निपाणी' वेगळं धरतं, 'शाखा' वेगळं. पुढं फाइल पुसणारं 'आरएम' असेल तर काय होईल, तूच सांग.

'प्रीफिक्स' (प्रोग्राम कुठं बसवायचा तो फोल्डर) आणि 'डेस्टडिर' (त्याच्या आधी जोडायचा तात्पुरता फोल्डर) बाहेरून देता येऊ देत. चाचणी रिकाम्या फोल्डरात कर, सुडो (रूटचे अधिकार देणारी कमांड) न लावता.